प्रकल्प नोंदी : कॅप्टन नोएल शॅव्हास यांच्यावरील भित्तिप्रदर्शन, ग्वाल्हेर

८ जून २०२५

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात ४ ऑगस्टपासून भरवायच्या प्रदर्शनाचा विषय आजच्या बैठकीत पक्का झाला. कॅप्टन नोएल गॉडफ्री शॅव्हास हे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले, पुढे डॉक्टर झाले आणि पहिल्या महायुद्धात एका पलटणीचे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत असताना झालेल्या जखमांनी ४ ऑगस्ट १९१७ रोजी वारले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. आठ फलक करायचे, मजकूर सगळा मराठीत ठेवायचा आणि शाळकरी मुलाला उभ्या उभ्या वाचता येईल इतकाच ठेवायचा, असे ठरले.

विषय एकमताने मान्य झाला असे नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या अक्कांनी सरळच विचारले की इंग्रजी फौजेतल्या कप्तानाचे प्रदर्शन ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी का भरवावे, आपल्याकडे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस नाहीत का? प्रश्न रास्त होता. कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींची सेवा करताना आजारपणाने १९४२ मध्ये तिथेच वारले, हे आपल्या घरांतून लहानपणापासून सांगितले जाते. त्यावर सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या डॉक्टरकाकांचे उत्तर असे होते, "अक्का, कोटणिसांवर अवश्य करू. पण पलटणीचा डॉक्टर दिवसभर नेमके काय करतो, हे मला एकदा लोकांपुढे मांडायचे आहे, आणि या माणसाच्या कामाची सरकारी नोंद इतकी बारकाईची आहे की तिच्यावरून ते मांडता येते." अक्कांनी मान डोलावली आणि मजकूर तपासण्याचे काम आपणहून अंगावर घेतले.

माझे स्वतःचे मत मी इथे नोंदवून ठेवतो. शॅव्हास यांचे नाव निघाले की पहिल्या वाक्यात पदके येतात. या प्रदर्शनात आधी त्यांचे काम यावे आणि पदके शेवटच्या फलकावर यावीत, असा माझा आग्रह राहील.

१३ जून

पहिल्या दोन फलकांचा मजकूर तयार झाला. ९ नोव्हेंबर १८८४ रोजी ऑक्सफर्ड येथे जुळे भाऊ जन्मले, त्यांतले नोएल थोरले आणि ख्रिस्तोफर धाकटे. वडील फ्रान्सिस शॅव्हास हे धर्मोपदेशक होते आणि १९०० मध्ये ते लिव्हरपूलचे बिशप झाल्यावर कुटुंब तिकडे गेले. दोघे भाऊ १९०४ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले, विद्यापीठाकडून धावले, आणि १९०७ मध्ये नोएल यांनी शरीरक्रियाविज्ञानात पहिल्या वर्गात पदवी मिळवली. लिव्हरपूलच्या रॉयल सदर्न रुग्णालयात त्यांनी अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांच्या हाताखाली काम केले आणि १९१२ मध्ये डॉक्टर म्हणून त्यांची नोंदणी झाली.

ऑलिंपिकचा भाग अतिशयोक्ती न करता लिहायचा आहे. १९०८ मध्ये ४०० मीटरच्या पहिल्या फेरीत १६ हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, होत्या आणि प्रत्येक हीटमधून फक्त पहिला आलेला धावपटू पुढे जात असे. ख्रिस्तोफर आपल्या हीटमध्ये दुसरे आले, नोएल तिसरे आले, आणि दोघांचीही स्पर्धा तिथेच आटोपली. फलकावर हे असेच्या असे लिहिले आहे, कारण जगातल्या उत्तम धावपटूंत उभे राहून तिसरे येणे ही काही लपवण्याची गोष्ट नाही.

त्याच शर्यतीचे सुवर्णपदक विंडहॅम हॅल्सवेल यांना मिळाले. अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या कार्पेंटर यांनी अडवणूक केली असा निर्णय पंचांनी दिला, शर्यत पुन्हा ठेवली, बाकीच्या दोन्ही अमेरिकी धावपटूंनी धावायला नकार दिला आणि हॅल्सवेल मैदानात एकटेच धावून विजयी ठरले. हे हॅल्सवेलही सैन्यात अधिकारी होते, आणि ३१ मार्च १९१५ रोजी फ्रान्समध्ये नव्ह शापेलजवळ शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने ते मारले गेले. त्याच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नव्ह शापेलच्या लढाईत हिंदी पलटणींनी फार मोठी हानी सोसली होती, म्हणून हा मजकूर दुसऱ्या फलकाच्या तळाशी घ्यावा असे अक्कांनी सुचवले आणि तसे केले.

१८ जून

ग्वाल्हेरचा संबंध दाखवणारी चौकट तिसऱ्या फलकावर जाईल. महायुद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे प्रवासी जहाज विकत घेतले गेले, त्याचे नाव 'लॉयल्टी' ठेवले गेले आणि जखमी व आजारी सैनिकांसाठी ते रुग्णालय-जहाज म्हणून युद्धभर चालले. ग्वाल्हेर संस्थानची पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईलाही गेली होती. एवढे पुरे, कारण चौकट वाढवली तर विषय शिंदेशाहीकडे वळेल.

२६ जून

आजची नोंद लांबणार, कारण प्रदर्शनाचा कणा असलेला चौथा फलक आज उभा राहिला.

शॅव्हास १९१३ मध्ये सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि लिव्हरपूल स्कॉटिश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, किंग्ज रेजिमेंटच्या दहाव्या पलटणीत त्यांची नेमणूक झाली. ही पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये उतरली आणि बेल्जियममधल्या ईप्रच्या दक्षिणेला खंदकांत गेली. १९१५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला तिच्यातले निम्म्याहून कमी लोक लढण्याजोगे उरले होते, आणि त्याचे मुख्य कारण गोळ्या हे नसून आजारपण हे होते. थंड चिखलपाण्यात दिवसचे दिवस उभे राहिल्याने पाय सुजत, बधिर होत, कातडी काळी पडे आणि वेळेवर लक्ष न दिल्यास बोटे कापावी लागत. यावरचा उपाय ऐकायला फार साधा आहे : बूट काढणे, पाय कोरडे करणे, तेल चोळणे, सुके मोजे घालणे आणि हे रोज, प्रत्येकाकडून, करवून घेणे. पलटणीच्या डॉक्टरचा बराचसा दिवस यात जातो, असे डॉक्टरकाकांनी सांगितले. पाणी उकळले आहे की नाही, शौचाचे चर खंदकापासून पुरेसे लांब आहेत की नाही, उवा किती झाल्या आहेत, कोण खरोखर आजारी आहे आणि कोण भीतीने पिचला आहे, हे सगळे त्यालाच पाहावे लागते.

धनुर्वाताचा मुद्दा वेगळा मांडला आहे. त्या भागातली शेते पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कसलेली होती, त्यामुळे मातीत धनुर्वाताचे जंतू मुबलक होते आणि गोळ्याचा तुकडा अंगात शिरताना कपड्याची चिंधी आणि चिखल बरोबर घेऊन जात असे. जखमी झालेल्या प्रत्येकाला प्रतिधनुर्वात सीरम (तयार प्रतिविष) टोचण्याची पद्धत १९१४ च्या अखेरीस रूढ झाल्यावर या रोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तुटलेल्या मांडीसाठी रॉबर्ट जोन्स यांनी आग्रहाने वापरात आणलेली लोखंडी चौकट, जी त्यांचे नातेवाईक ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केली होती, तीही याच फलकावर रेखाटली आहे. मांडीचे हाड मोडलेला माणूस चौकटीविना हलवला तर हाडाची टोके आत मांस फाडत जातात आणि रक्तस्राव व धक्का यांनी तो वाटेतच दगावतो. ज्या रुग्णालयात शॅव्हास शिकले तिथल्याच गुरूंनी हे जीव वाचवले, म्हणून चित्रकार मित्राने ही चौकट फलकाच्या मधोमध, बारीक रेषांत, पट्ट्यांच्या गाठींसह काढली आहे. ती पाहताना डॉक्टरकाका बराच वेळ बोटाने गाठींवरून फिरत राहिले, आणि मग घोट्याजवळची एक गाठ उलट्या बाजूला हवी, असे म्हणाले. ती बदलली.

फलकाच्या खालच्या पट्टीत जखमीचा प्रवास दाखवला आहे. पलटणीचे स्ट्रेचरवाले त्याला डॉक्टरच्या प्रथमोपचार ठाण्यात आणतात, तिथून फील्ड अँब्युलन्सचे, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय पथकाचे, लोक पट्टीबंधन ठाण्यात नेतात, तिथून तो शस्त्रक्रियेची सोय असलेल्या आघाडीमागच्या रुग्णालयात जातो आणि शेवटी बंदराजवळच्या मोठ्या रुग्णालयात किंवा जहाजावर पोहोचतो. या साखळीत पलटणीच्या डॉक्टरची जागा ठाण्यात असते. जखमी त्याच्याकडे यायचे, त्याने जखमीकडे जायचे नाही, कारण तो पडला तर साऱ्या पलटणीला डॉक्टर उरत नाही. शॅव्हास यांनी काय केले हे समजण्यासाठी हा नियम आधी समजला पाहिजे.

४ जुलै

छपाई कापडावर करायची ठरली. फ्लेक्स चकाकतो आणि दिव्याखाली अक्षरे वाचता येत नाहीत. लष्कर भागातल्या छापखान्याने दर बरा दिला आहे.

पाचवा फलक ईप्रजवळच्या हूगच्या लढाईचा. १६ जून १९१५ रोजी लिव्हरपूल स्कॉटिशचे २३ अधिकारी आणि ५१९ जवान हल्ल्यात उतरले. त्यांपैकी ७९ ठार झाले, २१२ जखमी झाले आणि १०९ बेपत्ता झाले, म्हणजे ५४२ मधले ४०० एका दिवसात कमी झाले. त्या दिवशीच्या कामाबद्दल शॅव्हास यांना मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले. आकडे मोठ्या अक्षरांत घ्यावेत की नाही यावर चर्चा झाली. मी लहान अक्षरांच्या बाजूने होतो, पण अक्का म्हणाल्या की मुलांना युद्ध म्हणजे काय ते आकड्यांवरूनच कळते, आणि ते मला पटले.

१२ जुलै

सहावा फलक : गिलमाँ, ९ ऑगस्ट १९१६. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतला हा हल्ला फसला होता. शॅव्हास यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाची, जी अधिकृत नोंद २६ ऑक्टोबर १९१६ रोजी प्रसिद्ध झाली, तिच्यातला मजकूर मी क्रम न बदलता मराठीत मांडला आहे, कारण त्या नोंदीत विशेषणे कमी आणि कामे जास्त आहेत. हल्ल्याच्या दिवशी त्यांनी दिवसभर उघड्यावर, शत्रूच्या नजरेसमोर, जखमींवर उपचार केले. त्या रात्री चार तास शत्रूच्या फळीपुढच्या जमिनीवर जखमी शोधले. दुसऱ्या दिवशी एका स्ट्रेचरवाल्याला बरोबर घेऊन ते पुढच्या खंदकांत गेले आणि तोफांच्या माऱ्यात एका अत्यवस्थ जखमीला ५०० यार्ड वाहून आणले. वाटेत त्यांच्या स्वतःच्या कुशीत गोळ्याचा तुकडा लागला. त्याच रात्री २० स्वयंसेवकांची तुकडी घेऊन ते पुन्हा गेले, शत्रूच्या खंदकापासून २५ यार्डांवरच्या खड्ड्यातून तीन जखमींना काढले, दोन अधिकाऱ्यांचे मृतदेह पुरले आणि बऱ्याच मृतांचे ओळखबिल्ले गोळा केले. गंभीर जखमी झालेल्या सुमारे २० जणांचे प्राण त्यांनी वाचवले, असे नोंद सांगते.

ओळखबिल्ल्यांपाशी अक्का थांबल्या. बॉम्ब आणि मशीनगन चालू असताना मेलेल्यांचे बिल्ले कशासाठी गोळा करायचे, असे त्यांनी विचारले. बिल्ला परत आला नाही तर तो शिपाई बेपत्ता म्हणून नोंदला जातो आणि त्याच्या घरचे लोक वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात, असे डॉक्टरकाकांनी सांगितले. जिवंतांना आणण्याचे काम संपल्यावर हा डॉक्टर मेलेल्यांच्या आईवडिलांसाठी तिथे थांबला, असे एक वाक्य मी फलकावर माझ्या जबाबदारीने जोडले आहे.

२० जुलै

आज प्रात्यक्षिक घेतले. शारीरिक शिक्षण शिकणारी काही मुले आणि त्यांचे प्रशिक्षक आले होते. ५०० यार्ड म्हणजे ४५७ मीटर; तेवढे अंतर मैदानावर चुन्याने आखले आणि डॉक्टरकाकांनी मिळवलेल्या लाकडी दांड्यांच्या, कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर एका मध्यम बांध्याच्या मुलाला झोपवून दोघादोघांनी उचलायचे ठरले. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि मैदानाची काळी माती बुटांना पायलीभर चिकटत होती.

जखमीला नेहमी पाय पुढे करून नेतात, म्हणजे मागच्या वाहकाला त्याचे तोंड सतत दिसते आणि श्वास बदलला तर कळते, हे काकांनी आधी समजावले. पुढच्याला फक्त जमीन दिसते. मुले धडधाकट होती, तरी पहिल्या शंभर मीटरनंतर दांडे तळव्यात रुतू लागले, बोटे आपोआप उघडू लागली आणि पुढच्याचा पाय घसरला की मागच्याच्या खांद्याला हिसका बसू लागला. मधे कॅनव्हास खाली झोळला आणि झोपलेल्या मुलाची कंबर मातीला घासू लागली, तेव्हा काकांनी थांबवून विचारले, "याची मांडी मोडली असती तर आत्ता तो काय करत असता?" सगळे गप्प झाले. टोकाला पोहोचेपर्यंत प्रत्येक जोडीला स्ट्रेचर खाली ठेवावे लागले, आणि तिथे कोणी गोळीबार करीत नव्हते.

प्रशिक्षकांनी एक सूचना केली. ४०० मीटर धावणाऱ्या खेळाडूने ४५७ मीटर जखमीला वाहिले, हे दोन आकडे शेजारी छापले तर मुलांच्या मनावर ठसेल, असे त्यांचे म्हणणे. सूचना आकर्षक आहे आणि ती मनापासून केलेली होती, तरीही मी ती घेतली नाही. ते धावपटू होते म्हणून त्यांनी हे केले असे म्हणायला काही आधार नाही. त्यांच्याबरोबर स्ट्रेचरचे दुसरे टोक धरणारा शिपाई ऑलिंपिकला गेला नव्हता, तरी त्यानेही तेच अंतर तेच ओझे वाहिले. खेळाने त्यांना दम दिला असेल, अंगाला मेहनतीची सवय दिली असेल; तेवढे लिहिले आहे. ग्वाल्हेरला खेळाडू-सैनिक नवा नाही. ज्यांच्या नावाचे मैदान आपल्या गावात आहे ते कॅप्टन रूपसिंह १९३२ आणि १९३६ चे ऑलिंपिक खेळले आणि इथल्या फौजेत नोकरीला होते. मुलांना त्यांचे उदाहरण ओळखीचे आहे, आणि आज मी त्यांना तेच दिले.

२७ जुलै

सातवा फलक लिहिताना हात जड झाला. जुलै १९१७ च्या सुरुवातीला धाकटे भाऊ एडन आघाडीवर बेपत्ता झाले. त्यांचा देह मिळाला नाही आणि त्यांचे नाव ईप्रच्या मेनिन गेट या बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर कोरलेले आहे. ३१ जुलैला ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली आणि पाऊस कोसळू लागला. ईप्रजवळ वील्त्ये येथे एका जखमीला ठाण्याकडे नेत असतानाच शॅव्हास यांना डोक्याला जखम झाली. मागे जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. दोन दिवस, जवळजवळ उपाशी, थकलेल्या अंगाने ते ठाणे चालवीत राहिले आणि पुन्हापुन्हा बाहेर जाऊन चिखलातले जखमी शोधून आणीत राहिले. २ ऑगस्टच्या पहाटे ठाण्यावरच गोळा पडला आणि त्यांच्या पोटात मोठी जखम झाली.

त्यांना ब्रांडहुक येथील ३२ क्रमांकाच्या रुग्णालयात नेले, जे पोटाच्या जखमांवर लवकरात लवकर शस्त्रक्रिया व्हावी म्हणून मुद्दाम आघाडीच्या जवळ उभारलेले होते आणि जिथे परिचारिकाप्रमुख केट ल्युअर्ड होत्या. शस्त्रक्रिया झाली, पण ४ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. ही जागाही सुरक्षित नव्हती : २१ ऑगस्टला ब्रांडहुकवर तोफगोळे पडले आणि नेली स्पिंडलर ही २६ वर्षांची परिचारिका मारली गेली. तिचे नाव फलकावर घ्यावे असा अक्कांचा आग्रह होता आणि ते घेतले आहे.

पदके आता आठव्या फलकावर आली. दुसऱ्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा १४ सप्टेंबर १९१७ रोजी झाली. आजवर हा सन्मान दोनदा मिळालेले तिघेच आहेत आणि त्यांतले दोघे डॉक्टर आहेत. आर्थर मार्टिन-लीक यांना तो १९०२ मध्ये आणि पुन्हा १९१४ च्या युद्धातील कामाबद्दल मिळाला; तिसरे न्यूझीलंडचे चार्ल्स अपहॅम. मार्टिन-लीक यांनी आपल्या देशात बंगाल-नागपूर रेल्वेचे डॉक्टर म्हणून नोकरी केली होती, हे वाचून रेल्वेत आयुष्य घालवलेल्या आमच्या एका काकांना फार बरे वाटले. ब्रांडहुकच्या दफनभूमीत शॅव्हास यांच्या शिळेवर दोन क्रॉस कोरलेले आहेत.

४ ऑगस्ट

प्रदर्शन उघडले. भाषणे ठेवली नव्हती. डॉक्टरकाका चौथ्या फलकापाशी उभे राहून येईल त्याला समजावत होते. नर्सिंग शिकणाऱ्या मुली दुपारी आल्या आणि थॉमस चौकटीच्या चित्रापुढे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्यांतल्या एकीने विचारले, "काका, ते वीस स्वयंसेवक कोण होते? त्यांची माहिती कुठे लावली आहे?" काकांनी माझ्याकडे पाहिले.

१० ऑगस्ट

नववा फलक करायचा ठरला आहे, आणि तो पलटणीच्या स्ट्रेचरवाल्यांचा असेल. युद्धाच्या सुरुवातीला एका पलटणीला असे १६ जण असत, बहुधा बँडमधले वादक, आणि त्यांना मलमपट्टी, रक्तस्राव थांबवणे व वाहून नेणे हे सगळे पलटणीच्या डॉक्टरनेच शिकवायचे असे. पुढे लढाया वाढल्या तशी १६ ची संख्या अपुरी पडू लागली आणि हल्ल्याच्या वेळी ती दुप्पट केली जाऊ लागली. चिखलात एका जखमीला हलवायला दोनाऐवजी चार, आणि ईप्रच्या तिसऱ्या लढाईत पॅशनडेलच्या दलदलीत त्याहून जास्त माणसे लागत. शॅव्हास यांनी रात्री जी तुकडी बाहेर नेली तिला हेच शिक्षण उपयोगी पडले असणार, असे काकांचे मत आहे आणि फलकावर ते मत म्हणूनच छापले जाईल.

मजकूर काका लिहीत आहेत. चित्रात दोन माणसे आणि एक स्ट्रेचर असेल, जखमीचे पाय पुढे. हा फलक सहाव्याच्या शेजारी बसवायचा आहे, म्हणून सहावा थोडा डावीकडे सरकवावा लागेल. तो लागला की सगळे नऊ फलक नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात महिनाभर ठेवायला पाठवायचे, अशी त्यांच्याकडून मागणी आली आहे आणि ती मान्य केली.